तुंबा चळी

नव्या सुनेला सासरची भाषा स्वयंपाकघरात येते म्हणतात. मला ती दुधाच्या रांगेत आली. डिसेंबरातली पहाट, साडेपाचचा सुमार, नंदिनीच्या दूधकेंद्रासमोर आठ-दहा माणसं उभी, आणि प्रत्येक जण पुढच्याला एकच वाक्य सांगतोय : ‘तुंबा चळी.’ पुढचा मान हलवून तेच वाक्य त्याला परत देतोय. कानडीत तुंबा म्हणजे फार आणि चळी म्हणजे थंडी, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, कुठेतरी गटार तुंबलंय आणि सगळ्यांना चळ लागलाय. पहिला अंदाज चुकला. दुसऱ्याबद्दल बावीस वर्षांनंतरही माझं मत पक्कं व्हायचंय.

रांगेतल्या मंडळींचा पोशाख बघण्यासारखा होता. डोक्याला माकडटोपी, तिच्यावरून मफलर, अंगात हाताने विणलेला स्वेटर, त्यावर शाल. आणि कमरेखाली पंचा आणि रबरी चप्पल. वरचा निम्मा माणूस काश्मिरात आणि खालचा निम्मा गोकर्णाच्या किनाऱ्यावर. थंडी डोक्यातून आणि कानातून शिरते, असं इथलं शास्त्र आहे. पायांतून शिरणारी थंडी बंगळूरच्या चामराजपेटेत कुणी विचारात घेत नाही.

मी मुकाट्याने वर्तमानपत्रात किमान तापमान पाहिलं. सोळा.

मी नागपूरची. हवामानाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी भाजून आणि गारठवून काढलेली. मे महिन्यात ४५-४६ अंशांत खिशात कांदा घालून कॉलेजला गेलेय. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर उतरला तेव्हा नेमकी माहेरी होते. हात रजईबाहेर काढून चहा घ्यायचा की चहालाच रजईत बोलवायचं, यावर घरात चर्चा चालली होती. अशा बाईला सोळा अंशांना थंडी म्हणून सांगणं म्हणजे सावजी रश्श्यावर वाढलेल्या माणसापुढे ‘जरा तिखट आहे हं’ असं बजावून बंगळूरचं गोड सांबार ठेवणं.

पण सासरी बोलायची सोय नव्हती, कारण घरात अप्पा होते. अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्म चामराजपेटेतला, गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त, आज वय वर्षं ८१. घरातली मराठी जुनी, देशस्थी, कानडीच्या कडेवर बसून वाढलेली. ‘चळी पडलीय की गे,’ असं ते म्हणतात. त्या वाक्यात चळीच्या जागी थंडी घालून पाहिली, तर त्यातली हुडहुडीच निघून जाते.

ओसरीतल्या खांबावर अप्पांचा तापमापक टांगलेला आहे. त्यावर दोन्ही मापं आहेत. रोज पहाटे बॅटरीच्या उजेडात ते आकडा वाचतात आणि वहीत टिपतात. बरीच वर्षं मला कळेना की कधी ते सेल्सिअस का लिहितात आणि कधी फॅरनहाइट. मग वही चाळली. उन्हाळ्यात फॅरनहाइट, हिवाळ्यात सेल्सिअस. चौतीस म्हटलं की उन्हाळा फिका वाटतो, त्र्याण्णव म्हटलं की घाम फुटतो. साठ म्हटलं तर हिवाळ्याची अब्रू जाते, सोळा म्हटलं की शाल शोधावी लागते. तक्रारीला जो आकडा शोभेल तो घ्यायचा. गणिताचा इतका व्यवहारी उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता थोडं अप्पांच्या बाजूनेही बोलायला हवं. बंगळूर समुद्रसपाटीपासून साधारण ९२० मीटर उंचीवर आहे. हजार मीटर चढलं की सहा-साडेसहा अंश गमवावे लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जी उंची आपल्याला वाचवते तीच डिसेंबरात वसुली करते. शिवाय आमचं घर जुन्या बांधणीचं. चामराजपेट १८९२ साली आखली गेली, चामराजेंद्र वडेयरांच्या नावाने. आमचं घर तितकं जुनं नसलं तरी त्याच वळणाचं. लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन, उंच छत, भिंतीत वरच्या बाजूला झडपा नसलेले झरोके. हे सगळं उकाड्यासाठी योजलेलं. ती जमीन मे महिन्यात मांडीवर घ्यावीशी वाटते आणि जानेवारीत तिच्यावर पाय ठेवताना देवाचं नाव घ्यावं लागतं. बाहेर खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार छपरं आहेत. बंगळुरात त्यांना ‘मंकी टॉप’ म्हणतात. खिडक्यासुद्धा माकडटोपी घालून उभ्या असलेल्या शहरात माणसांना काय नावं ठेवायची!

वाईट वाटतं ते एवढंच, की सरकार अप्पांची थंडी मानत नाही. हवामान खात्याच्या लेखी सपाट प्रदेशात थंडीची लाट यायची असेल तर आधी किमान तापमान १० किंवा त्याखाली जायला हवं, आणि वर ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेलं हवं. डोंगराळ भागात तर शून्य लागतं. समुद्रकाठच्या गावांना मात्र सवलत : तिथे १५ पर्यंत उतरलं तरी लाट म्हणता येते. मी हे अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पस्तावले. मुंबईला पंधराला लाट आणि आम्हाला दहाची अट, हा अन्याय त्यांना इतका झोंबला की दोन दिवस ते अस्वस्थ होते. ‘किनारा नाही, हा आमचा दोष काय गे?’ असं त्यांनी मला विचारलं. मी केंद्र सरकार असल्यासारखी गप्प बसले.

समजूत काढायला मी त्यांना जगातले दाखले गोळा करून देऊ लागले. हाँगकाँगमध्ये पारा १२ च्या आसपास उतरला की सरकार इशारा देतं आणि लोकांसाठी रात्रीचे निवारे उघडतं. अप्पांचा चेहरा उजळला. ‘बघ. याला सरकार म्हणायचं.’ त्याच हाँगकाँगात जानेवारी २०१६ मध्ये तापमान तीन अंशांवर आलं, तेव्हा लोक हिमकण बघायला ताय मो शान डोंगरावर गेले, तिथे घसरले, अडकले आणि अग्निशमन दलाला त्यांना उतरवून आणावं लागलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी आली की आपल्याकडचे लोक गाड्या काढून निघतात, तसंच. पण अप्पांना सगळ्यात आवडली ती फ्लोरिडाची गोष्ट. तिथे झाडांवर इग्वाना राहतात, हिरवे, घोरपडीएवढे. थंडी पडली की ते आखडतात आणि पिकल्या फणसासारखे खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना रीतसर सावध केलं होतं : आज रात्री झाडावरून इग्वाना पडू शकतात, घाबरू नका, ते मेलेले नसतात. ऊन आलं की उठून चालू लागतात. ‘म्हणजे माझ्यासारखेच की,’ अप्पा म्हणाले. आणि खरंच, साडेदहाला ओसरीवर ऊन आलं की शाल, मफलर, टोपी या क्रमाने अप्पा उलगडत जातात. साडेबाराला वर पंखा फिरत असतो.

हा दुपारचा पंखा लेखातून वगळावा, अशी त्यांची इच्छा होती.

चळी फक्त अंगावर घालायची नसते, ती खायचीही असते, हे मला इथेच कळलं. नागपूरचा हिवाळा संत्र्यांवरून कळतो, चामराजपेटेतला अवरेकाईवरून. ही आपल्या वालाची बहीण. शेंगेवर दव पडल्याशिवाय तिला तो खास वास येत नाही. त्याला इथे ‘सोगडु’ म्हणतात. शेजारच्या व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत जानेवारीत अवरेकाईचा डोसा, अवरेकाईचा उप्पिट्टू आणि धीर असेल तर अवरेकाईची जिलबीसुद्धा मिळते. घरी दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक चिमटीत दाबून सालातून सुळकन बाहेर काढायचे. त्या गार पाण्यात तासभर बोटं घातल्यावर अप्पांच्या चळीवर माझाही थोडा विश्वास बसू लागतो. धनुर्मासात सूर्य उगवायच्या आत देवळात गरम हुग्गी मिळते : मूगडाळ, तांदूळ, मिरे, खोबरं आणि बोट बुडेल एवढं तूप. आमच्याकडे नागपूरला धुंधुरमासात बाजरीची भाकरी, लोणी आणि खिचडी. देव तोच, महिना तोच, उठवण्याची अमानुष वेळही तीच.

स्वेटरांची कथा त्याहून लांबची. डिसेंबर आला की पदपथावर तिबेटी बायका दोरीला स्वेटर टांगून बसतात. मला वाटायचं, ही ल्हासाची लोकर. माझ्या नेहमीच्या बाईला विचारलं तेव्हा हसली. तिचा जन्म म्हैसूरजवळच्या बैलकुप्पेच्या वसाहतीतला. १९६० च्या सुमारास निर्वासितांसाठी वसलेली ती. बाईने बर्फ पाहिलेला नाही. माल लुधियानाचा. म्हणजे लुधियानाचा स्वेटर, बर्फ न पाहिलेल्या तिबेटी बाईकडून, मी सोळा अंशांसाठी विकत घेते. वर घासाघीस कानडीत.

आता आमच्या विनिपेगकराकडे वळते. हा माझ्या नणंदेचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी कॅनडात गेला. पेट सोडून पेगमध्ये गेला, असं अप्पा म्हणतात. विनिपेगला तिथलेच लोक थट्टेने ‘विंटरपेग’ म्हणतात. जानेवारीतल्या रात्री सरासरीनेच उणे वीसच्या खाली असतात. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि थंडीचा सामना सुरू होतो. तो फोन खिडकीला लावून बाहेरचं पांढरं जग दाखवतो. अप्पा तापमापक कॅमेऱ्यासमोर धरतात.

एकदा त्याने त्याची गाडी दाखवली. बॉनेटमधून वायर लोंबत होती आणि ती भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली.

‘इलेक्ट्रिक घेतलीस?’ अप्पांनी विचारलं.

‘नाही आजोबा, पेट्रोलचीच आहे. इंजिन गारठू नये म्हणून रात्रभर हीटर लावून ठेवायचा. नाहीतर सकाळी सुरूच होत नाही.’

‘गाडीला शेक. आणि तू बनियनवर?’

तो खरंच बनियन आणि अर्ध्या चड्डीत होता. हातात आइस्क्रीमची वाटी. बाहेर उणे ३१. हे दृश्य आम्ही कितीदा तरी पाहिलं आणि त्याचा अर्थ कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

विक्रमांच्या लढाईत अप्पा हरत असत, पण हार मानत नसत. भाच्याने विनिपेगचा नीचांक सांगितला : २४ डिसेंबर १८७९, उणे ४७.८. अप्पांनी लगेच बंगळूरचा काढला : १३ जानेवारी १८८४, ७.८. ‘दशांश तंतोतंत जुळतो,’ ते म्हणाले, ‘फरक काय तो एका चाळिसाचा आणि एका चिन्हाचा.’ मग त्यांना उणे चाळीसची आठवण झाली, जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकाच आकड्यावर येतात, आणि त्यांनी नातवाला तोंडी समीकरण सोडवायला लावलं. उणे चाळिसात काय होतं, असं मी मध्येच विचारलं. नाकातले केस कडक होतात, पापण्या चिकटतात, उकळतं पाणी हवेत उडवलं तर त्याचा धुरळा होतो, असं तो सांगत होता. अप्पा म्हणाले, ‘ते राहू दे. मापं एक होतात, हे महत्त्वाचं.’

सायबेरियातलं वर्खोयान्स्क मीच शोधून काढलं. फेब्रुवारी १८९२ मध्ये तिथे उणे ६७.८ नोंदलं गेलं आणि २० जून २०२० ला त्याच गावात ३८ अंश. दोन्हींत १०५.८ अंशांचं अंतर. विनिपेगचं अंतर ९०. तिथे जुलै १९३६ मध्ये ४२.२ झालं होतं. आणि बंगळूर? १८८४ च्या त्या ७.८ पासून २४ एप्रिल २०१६ च्या ३९.२ पर्यंत, सगळं मिळून ३१.४. सव्वाशेहून अधिक वर्षांत निसर्गाने या शहराला एवढ्याच पट्टीत फिरवलं आहे. गवयाला अर्ध्या सप्तकात गायला सांगितलं तर तो त्यातल्याच एकेका श्रुतीवर तासभर थांबेल. तसे आम्ही सोळा आणि सतरामध्ये थांबतो. सतराला मफलर, सोळाला टोपी, पंधराला कषाय, चौदाला डॉक्टर.

वर्खोयान्स्कची ती नोंद आणि चामराजपेट, दोन्ही १८९२ च्या. हा योगायोग अप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. का, ते विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही.

तर गेल्या डिसेंबरात भाचा आला. बॅगेत फक्त टी-शर्ट. विमानतळावर माकडटोपीतला टॅक्सीवाला बघून त्याला हसू आवरेना, असं त्यानेच सांगितलं. पहिले दोन दिवस तो अर्ध्या बाह्यांत फिरला, उभ्याउभ्या बाय-टू कॉफी प्यायला, आणि थंडी कुठेय, थंडी कुठेय, म्हणून अप्पांना चिडवत राहिला.

तिसऱ्या दिवशी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. बंगळूरकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिकडे चेन्नईला वादळाची बातमी, इकडे आमच्या डोक्यावर राखाडी गोधडी. ऊन नाही, धड पाऊस नाही, सुईसारखी रिमझिम. दुपारीही पारा विशीच्या पलीकडे जाईना. घरात सतरा.

रात्री तो माझ्याकडे आला. आवाज खाली.

‘मामी, थर्मोस्टॅट कुठे असतो आपला?’

मी त्याला भिंतीवरचं एकमेव बटण दाखवलं. ते पंख्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरच्या सौरबंबाने राजीनामा दिला. दोन दिवस ऊन नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार! न्हाणीघरातून आधी पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग त्याच्या आईच्या नावाने एक हाक. नणंद शिकागोच्या विमानात बसलेली. हाक मलाच घ्यावी लागली. पंचा गुंडाळून, दातावर दात आपटत मुलगा उभा. कॅनडाचा पासपोर्टधारक, उणे ३१ चा रहिवासी, चामराजपेटेत सतरा अंशांना निळा पडलेला.

‘पण तुला तर सवय आहे,’ मी म्हटलं.

‘कशाची सवय मामी? तिकडे मी थंडीत राहतच नाही. घर एकवीसला. गाडी एकवीसला, ऑफिस एकवीसला. घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात, दिवसाकाठी सगळी मिळून सात-आठ मिनिटं थंडी. इथे बाहेर सतरा आणि आतही सतरा. माणसाने पळायचं कुठे?’

मी तिथेच, ओल्या फरशीवर, थोडी थांबले. अकरा वर्षांची बनियन आणि आइस्क्रीमची वाटी आत्ता माझ्या ध्यानात आली. तिकडे तळघरात भट्टी आहे, खिडक्यांना तीन-तीन काचा आहेत. जानेवारी २०१९ मध्ये शिकागोत उणे तीस झालं तेव्हा रेल्वेवाल्यांनी रुळांचे सांधे आखडू नयेत म्हणून त्यांच्या बाजूने गॅसच्या ज्योती लावल्या होत्या, आणि त्या जाळातून गाड्या जात होत्या. एवढा सगळा बंदोबस्त थंडीला माणसापर्यंत येऊ न देण्यासाठी. आणि इथे अप्पांनी ८१ हिवाळे एकही गरम खोली न बघता काढलेत, एका लोकरी टोपीच्या जिवावर. नागपूरची म्हणून मी जी शेखी मिरवत होते, तिचाही रंग जरा उडाला. आमच्याकडेही शेकोटी होती, रजई होती. अप्पांकडे रजई नाही. चादर आहे आणि स्वाभिमान आहे. कोपऱ्यावरच्या अर्धवट इमारतीचा राखणदार रात्री पुठ्ठे जाळून बसतो, त्याच्याकडे तर चादरही पातळ आहे. त्याला कुणी तापमान विचारत नाही.

मग परसातला तांब्याचा जुना बंब बाहेर काढला. त्यात मी पुदिना लावला होता. पुदिना दुसरीकडे हलवला, बंब चिंचेने घासला, करवंट्या आणि नारळाची सोडणं पेटवली. धूर झाला, डोळे चुरचुरले, आणि अर्ध्या तासाने पाणी उकळलं. अंघोळ झाल्यावरही भाचा तिथून हलेना. पाटावर उकिडवा बसून तो बंबाला हात शेकत राहिला. अप्पा सावकाश आले, त्याच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. डोक्यावरची माकडटोपी काढली आणि त्याच्या डोक्यात घातली. मोठी होती, भुवयांपर्यंत आली. दुसरी टोपी त्यांनी स्वतःसाठी कपाटातून काढली. अप्पांकडे अशा तीन आहेत, पैकी एक सणाची.

पुढचे नऊ दिवस ती टोपी उतरली नाही. पहाटे तो अप्पांबरोबर नंदिनीच्या रांगेत उभा राहायला लागला. एक दिवस पुढचा माणूस वळला आणि म्हणाला, ‘तुंबा चळी.’ भाच्याने मान हलवली आणि अस्सल चामराजपेटी सुरात ते वाक्य परत केलं. शाळेतलं कानडी तो विसरला असेल असं मला वाटत होतं.

जायच्या दिवशी बॅग भरताना मी पाहिलं, टी-शर्टांच्या वर टोपी घडी करून ठेवलेली. अप्पांनीही पाहिलं. त्यांनी हात घालून ती काढून घेतली.

‘आजोबा, राहू द्या ना. तिकडे उणे तीस आहे.’

‘असेल,’ अप्पा म्हणाले, आणि टोपी झटकून स्वतःच्या डोक्यावर ओढली. ‘पण घरात एकवीस आहे ना तुझ्या? इथे अजून फेब्रुवारी जायचाय.’